उभे रुग्णालय : अपुऱ्या जागेत आरोग्यसेवेची इमारत कशी असावी?



काही वर्षांपूर्वी एका आजारी वृद्धाला भेटण्यासाठी आम्ही एका लहानशा खासगी रुग्णालयात गेलो होतो. रुग्णालय एका निवासी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होते. आम्ही पोहोचलो त्याच वेळी त्या गृहस्थांना मोठ्या रुग्णालयात हलवण्याचा निर्णय झाला. खाली रुग्णवाहिका उभी होती, डॉक्टर तयार होते, कागदपत्रेही तयार होती. परंतु स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना. शेवटी दोन वॉर्डबॉय आणि दोन मुलगे यांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवले आणि अरुंद जिन्यावरून, प्रत्येक वळणावर खुर्ची तिरपी करीत, खाली आणले. एकाच्या हातात सलाइनची बाटली होती, दुसऱ्याच्या खांद्यावर ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर. तीन मजले उतरायला पंधरा मिनिटे लागली. वडील जिवंत खाली पोहोचले, याबद्दल त्या कुटुंबाने देवाचे आभार मानले. आमच्या मनात मात्र एक प्रश्न राहिला. डॉक्टर, परिचारिका आणि औषधे असूनही केवळ इमारतीच्या रचनेमुळे रुग्णाचा जीव धोक्यात यावा काय?

हा प्रश्न उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या तीन शहरांत दिवसेंदिवस अधिक गंभीर होत आहे. जागा थोडी, माणसे पुष्कळ. म्हणून नवी रुग्णालये आडवी न पसरता उभी वाढणार, हे उघड आहे. अशी उभी रुग्णालये कशी असावीत, त्यांत कोणत्या चुका टाळाव्यात आणि सामान्य नागरिक म्हणून आपण काय विचारावे, याची थोडी विस्ताराने ओळख करून देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

तीन शहरे, थोडी जमीन

उल्हासनगरचा जन्मच छावणीतून झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे कल्याण कॅम्प नावाची लष्करी छावणी होती. १९४७च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींमध्ये आसरा मिळाला. १९४९ साली तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसवण्यात आली आणि उल्हास नदीवरून त्याचे नाव पडले. आजही लोक पत्ता सांगताना कॅम्प एक ते कॅम्प पाच असेच म्हणतात. शहराचे क्षेत्रफळ अवघे सुमारे १३ चौरस किलोमीटर, आणि २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ५ लाख ६ हजार. म्हणजे दर चौरस किलोमीटरला सुमारे ३९ हजार माणसे. त्याच जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या अडीच लाखांवर आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या जवळ होती. त्यानंतर बदलापूरच्या दोन्ही बाजूंना किती इमारती उभ्या राहिल्या, हे सकाळच्या लोकलने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

उल्हासनगरचे शासकीय मध्यवर्ती रुग्णालय हा या पट्ट्यातील गोरगरिबांचा मोठा आधार आहे. सुमारे दोनशे खाटांच्या या रुग्णालयाकडे केवळ उल्हासनगरचेच नव्हे, तर अंबरनाथ, बदलापूर आणि त्यापलीकडे मुरबाडच्या खेड्यापाड्यांतील रुग्णही येतात. प्रकृती गंभीर असेल तर पुढे कळवा, ठाणे, नाही तर शीव किंवा परळ. अंबरनाथसाठी मंजूर झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे आशेचे चिन्ह आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या १० शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत अंबरनाथचाही समावेश होता. परंतु वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे मोठी जागा आणि मोठा काळ. तोवर, आणि त्यानंतरही, दाट वस्तीतील लहान भूखंडांवरची मध्यम रुग्णालयेच आपल्या दाराशी असणार आहेत.

आडवे रुग्णालय उभे कसे झाले?

रुग्णालयाच्या इमारतीचा इतिहास हा ख्रिस्ती सेवाकार्याच्या इतिहासाशी जोडलेला आहे. पॅरिसमधील ओतेल-द्यू, म्हणजे 'देवाचे घर', हे युरोपातील अतिप्राचीन रुग्णालयांपैकी एक. नोत्र-दाम महामंदिराशेजारी, नदीकाठच्या चिंचोळ्या जागेत ते शतकानुशतके वाढत गेले. जागा नसल्यामुळे एकेका खाटेवर अनेक रुग्ण झोपवले जात. डिसेंबर १७७२मध्ये तेथे भीषण आग लागली. त्यानंतर फ्रान्समध्ये मोठा विचारविनिमय झाला. शल्यविशारद जाक तनों यांनी १७८८ साली पॅरिसच्या रुग्णालयांवर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र खाट, मोकळी हवा आणि एकमेकांपासून दूर असलेले वॉर्ड या गोष्टींचा आग्रह तेव्हापासून वाढला.

पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली रुग्णालयांवर ग्रंथ लिहून हाच विचार इंग्रजी जगात रुजवला. लांबट वॉर्ड, दोन्ही बाजूंना समोरासमोर खिडक्या आणि शक्यतो दोनपेक्षा अधिक मजले नकोत, असे त्यांचे मत होते. आपल्याकडील जुन्या सरकारी आणि मिशन रुग्णालयांतील उंच छपरे, रुंद व्हरांडे आणि एका रांगेतील खाटा ही त्याच विचाराची देणगी आहे.

मग रुग्णालये उंच का झाली? तीन गोष्टींनी ते शक्य केले : पोलादी आणि सिमेंट काँक्रीटचा सांगाडा, सुरक्षित लिफ्ट आणि यंत्राने खेळवलेली शुद्ध हवा. १९२८ साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया-प्रेस्बिटेरियन हे वीसहून अधिक मजल्यांचे वैद्यकीय संकुल सुरू झाले आणि जगभर त्याचे अनुकरण झाले. मुंबईत पेडर रोडवरचे जसलोक रुग्णालय १९७३ साली तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते सुरू झाले. हा मनोरा उभारण्यामागे सेठ लोकूमल चनराय या सिंधी दात्याचा आणि शल्यविशारद डॉ. शांतिलाल मेहता यांचा पुढाकार होता, ही गोष्ट उल्हासनगरच्या वाचकांना विशेष वाटेल. गिरगावातील जुने हरकिसनदास रुग्णालयही २०१४ साली नव्या उंच मनोऱ्यासह पुन्हा सुरू झाले. म्हणजे थोड्या जागेत उंच रुग्णालय उत्तम रीतीने बांधता येते. परंतु ते निवासी इमारतीसारखे बांधून चालत नाही.

भूखंडाचा हिशेब

आपण एक साधे गणित करून पाहू. समजा, अंबरनाथमध्ये एखाद्या विश्वस्त संस्थेकडे ४० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद, म्हणजे १,००० चौरस मीटरचा भूखंड आहे. आपल्या शहरांच्या मानाने ही जागा लहान नव्हे. विश्वस्तांना वाटते, येथे शंभर खाटांचे रुग्णालय सहज होईल.

आता पाहा. उंच इमारतीभोवती अग्निशमन दलाची गाडी फिरू शकेल अशी सुमारे ६ मीटर मोकळी जागा सोडावी लागते. चारही बाजूंनी ६ मीटर सोडल्यावर इमारतीसाठी उरतो २८ गुणिले १३, म्हणजे ३६४ चौरस मीटरचा तुकडा. या प्रत्येक मजल्यावर दोन स्वतंत्र जिने हवेत, आणि रुग्णालयाचा जिना २ मीटर रुंद असावा अशी अपेक्षा आहे. खाट घेऊन जाणाऱ्या दोन लिफ्ट, भेटायला येणाऱ्यांसाठी एक, लिफ्टपुढची मोकळी जागा, पाइप आणि तारांचे उभे मार्ग, आणि दोन खाटा समोरासमोर जाऊ शकतील असा २.४ मीटर रुंदीचा मार्ग. हे सारे धरले तर जवळपास निम्मा मजला संपतो. राहिलेल्या जागेत परिचारिकांची जागा, स्वच्छतागृहे आणि सुमारे डझनभर खाटा बसतात.

संपूर्ण रुग्णालयाचा विचार केला, तर शस्त्रक्रियागृह, प्रयोगशाळा, क्ष-किरण, बाह्यरुग्ण विभाग, स्वयंपाकघर असे सर्व मिळून एका खाटेमागे सुमारे ८० चौरस मीटर बांधकाम धरणे वावगे नाही. शंभर खाटांसाठी ८,००० चौरस मीटर, म्हणजे आपल्या या भूखंडावर २२ मजले! तेवढी परवानगी मिळणार नाही, आणि मिळाली तरी ते रुग्णालय चालवणे अशक्य होईल. चाळीस खाटांसाठी मात्र ३,२०० चौरस मीटर, म्हणजे नऊ मजले पुरतात. रुग्णालयाच्या मजल्याची उंची, छताखालून जाणाऱ्या हवेच्या नळ्यांमुळे, सव्वाचार मीटरच्या आसपास असते. नऊ मजले म्हणजे सुमारे ३८ मीटर. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार १५ मीटर आणि त्याहून उंच इमारत ही 'उंच इमारत' गणली जाते. म्हणजे चार मजल्यांतच रुग्णालय त्या वर्गात जाऊन बसते.

या गणिताचा बोध असा की, मजले चढवले म्हणून त्याच प्रमाणात जागा वाढत नाही. भूखंड जितका लहान, तितका प्रत्येक मजल्याचा मोठा हिस्सा जिने आणि लिफ्ट खातात. शिवाय छत्तीस खाटा तीन मजल्यांवर वाटल्या, की रात्रपाळीला प्रत्येक मजल्यावर स्वतंत्र परिचारिका आणि स्वतंत्र आया ठेवावी लागते. तोच वॉर्ड एका मजल्यावर असता तर कमी माणसांत अधिक चांगली देखरेख झाली असती. हा खर्च एकदाचा नसून दर महिन्याचा असतो, आणि शेवटी तो रुग्णाच्या बिलात उतरतो. म्हणून शक्य असेल तेथे शेजारचा लहान भूखंड मिळवून मजला रुंद करणे हे दोन मजले अधिक चढवण्यापेक्षा शहाणपणाचे ठरते.

कोणत्या मजल्यावर काय?

आडव्या रुग्णालयात विभाग शेजारी-शेजारी असतात. उभ्या रुग्णालयात ते एकमेकांच्या वर-खाली असतात. म्हणून कोणाच्या डोक्यावर कोण, हाच मुख्य प्रश्न होतो.

तळमजल्यावर अपघात विभाग हवा, आणि त्याचे दार बाह्यरुग्णांच्या दारापासून वेगळे हवे. रुग्णवाहिका रस्त्यावर न थांबता आत येऊन, रुग्ण उतरवून, मागे न फिरता बाहेर पडली पाहिजे. आपल्या अंबरनाथ आणि बदलापूरचे रेल्वेमार्गामुळे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आहेत. पुलावरच्या गर्दीत आधीच वेळ गेलेला असतो, निदान दारात तरी जाऊ नये. क्ष-किरण, सी.टी. स्कॅन आणि एम.आर.आय. हे अपघात विभागाच्या जवळ, शक्यतो खालीच असावेत. ही यंत्रे अतिशय जड असतात. दहा-बारा वर्षांनी ती बदलावी लागतात, तेव्हा भिंत उघडून यंत्र बाहेर काढण्याचा मार्ग नकाशातच ठेवलेला असावा. क्ष-किरणांच्या खोलीच्या भिंती आणि आराखडा यांना अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू असतात.

पहिल्या मजल्यावर बाह्यरुग्ण विभाग आणि रक्त तपासणी असावी, म्हणजे रोज येणारी शेकडो माणसे जिन्याने चढून जातील आणि लिफ्टवर ताण येणार नाही. त्याच्या वर शस्त्रक्रियागृह, उपकरणे निर्जंतुक करण्याचा विभाग आणि अतिदक्षता विभाग हे एकाच मजल्यावर किंवा थेट वर-खाली असावेत. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला पाच मजले फिरवून अतिदक्षता विभागात नेणे म्हणजे धोक्याला आमंत्रण. प्रसूतिगृह शस्त्रक्रियागृहाजवळ असणे हीदेखील जीव वाचवणारी गोष्ट आहे. अडलेल्या बाळंतिणीच्या बाबतीत काही मिनिटांचाही फरक पडतो.

शस्त्रक्रियागृहाला गाळलेली शुद्ध हवा लागते. त्यासाठीची यंत्रे बसवायला वर किंवा शेजारी पुरेशी जागा आधीच राखावी लागते. शस्त्रक्रियागृहाच्या छतावर वॉर्डची स्वच्छतागृहे कधीही येऊ देऊ नयेत. गळती सुरू झाली की शस्त्रक्रिया बंद ठेवाव्या लागतात, आणि आपल्या कोकणपट्टीच्या पावसात गळती हा अपवाद नव्हे.

सर्वांत वर वॉर्ड. तेथे उजेड आणि वारा असतो, रस्त्यावरचा गोंगाट कमी पोहोचतो. नाइटिंगेल यांची समोरासमोरच्या खिडक्यांची कल्पना वरच्या अरुंद मजल्यांवर आजही उपयोगी पडते. वॉर्डमधून आभाळ दिसले पाहिजे, असे आम्हांला रुग्णांना भेटताना नेहमी वाटते. आठ-आठ दिवस ट्यूबलाइटखाली पडून राहिलेल्या माणसाला सकाळ झाली की संध्याकाळ, हेही समजेनासे होते.

लिफ्ट : उभ्या रुग्णालयाचा रस्ता

आडव्या रुग्णालयात जे काम मार्गिका करते, ते उभ्या रुग्णालयात लिफ्ट करते. सर्वसाधारण निवासी इमारतीतील लिफ्टची खोली दीड मीटरच्या आत-बाहेर असते. रुग्णाची खाट दोन मीटरपेक्षा लांब असते. म्हणूनच आमच्या त्या वृद्ध गृहस्थांना खुर्चीवरून उतरावे लागले. खाट, सोबत परिचारिका, डॉक्टर आणि श्वासयंत्र मावण्यासाठी लिफ्ट आतून सुमारे २.४ मीटर खोल हवी.

उताराचा मार्ग बांधावा, असे कोणी म्हणेल. जुन्या रुग्णालयांत तो असे. परंतु सुरक्षित उतार बारास एक असावा लागतो. सव्वाचार मीटर उंचीचा एक मजला चढण्यासाठी पन्नास मीटरहून लांब उतार लागेल. आपल्या २८ मीटरच्या इमारतीत तो बसणे अवघड. म्हणून लिफ्ट हाच आधार, आणि खाटेच्या लिफ्ट किमान दोन असल्याच पाहिजेत. एक दुरुस्तीला गेली तरी दुसरी चालू राहील. त्यांना जनरेटरची वीज हवी, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा मुद्दा मार्ग वेगळे ठेवण्याचा. रुग्णाचे जेवण, धुतलेल्या चादरी आणि निर्जंतुक उपकरणे एका वाटेने. मळलेल्या चादरी आणि जैववैद्यकीय कचरा दुसऱ्या वाटेने. २०१६च्या नियमांनुसार हा कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांनुसार वेगळा करावा लागतो आणि पिवळ्या पिशवीतला कचरा सामान्यतः ४८ तासांहून अधिक काळ ठेवता येत नाही. स्वतंत्र लिफ्ट शक्य नसेल, तर निदान वेळा ठरवून द्याव्यात.

आणि एक नाजूक गोष्ट. मृत व्यक्तीचे पार्थिव भेटायला आलेल्यांच्या गर्दीतून, फळांच्या पिशव्या घेतलेल्या मुलाबाळांच्या शेजारून खाली आणावे लागणे, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. तळमजल्यावर मागील बाजूला एक लहानशी खोली, तिथे कुटुंबाला काही क्षण शांतपणे बसता येईल, आपापल्या धर्माप्रमाणे प्रार्थना करता येईल, आणि तेथूनच बाहेर पडण्याचे वेगळे दार. यासाठी फार जागा लागत नाही. नकाशा काढताना कोणाच्या तरी ते ध्यानात मात्र यावे लागते.

आग आणि धूर

उभ्या रुग्णालयाची सर्वांत मोठी परीक्षा आगीच्या वेळी होते. २०२१ हे वर्ष आपल्या राज्याला विसरता येणार नाही. ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात १० बालके दगावली. मार्चमध्ये भांडुप येथे एका मॉलमधल्या रुग्णालयाला आगीचा फटका बसला. २३ एप्रिलला विरारमध्ये अतिदक्षता विभागातील १५ रुग्ण गेले. त्यानंतर पाचच दिवसांनी मुंब्र्यात पुन्हा तोच प्रकार घडला. नोव्हेंबरमध्ये अहमदनगर, आजचे अहिल्यानगर, येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. अतिदक्षता विभागात रात्रंदिवस चालणारी वातानुकूलन यंत्रे, विजेचा मोठा भार, हवेत मिसळणारा ऑक्सिजन आणि स्वतः उठून पळू न शकणारे रुग्ण एकत्र येतात. म्हणूनच तेथे आग लागली की इतकी जीवितहानी होते.

उंच इमारतीत आगीपेक्षा धूर अधिक घातक असतो. ९ डिसेंबर २०११ रोजी कोलकात्याच्या एका मोठ्या रुग्णालयात तळघरात आग लागली. वाहनांसाठी असलेल्या त्या तळघरात सामान साठवलेले होते. धूर वर चढला, काचेने बंद असलेल्या इमारतीत कोंडला, आणि सुमारे नव्वद जणांचा बळी गेला, त्यांपैकी बहुतेक गुदमरून. केरळहून आलेल्या दोन तरुण परिचारिका अनेक रुग्णांना वाचवून पुन्हा आत गेल्या आणि परतल्या नाहीत. त्यांच्या धैर्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु परिचारिकांवर असा प्रसंग येऊ न देणे हे इमारत बांधणाऱ्याचे कर्तव्य आहे.

घरांच्या इमारतीत आग लागली की सर्वांनी जिन्याने खाली उतरावे, असे शिकवले जाते. रुग्णालयात ते शक्य नसते. श्वासयंत्रावरच्या रुग्णाला आठ मजले उतरवता येत नाही. म्हणून प्रत्येक मजल्याचे आगरोधक भिंतीने दोन भाग करावेत आणि रुग्णाला खाटेसह पलीकडच्या भागात सरकवावे, ही रीत जगभर मान्य झाली आहे. अग्निशमन दल येईपर्यंत तेथे तो सुरक्षित राहतो. ज्या मजल्याचे असे दोन भाग करता येत नाहीत, त्या मजल्यावर अतिदक्षता विभाग ठेवू नये. याखेरीज पाइप आणि तारांचे उभे मार्ग प्रत्येक मजल्यावर बंद केलेले हवेत, नाहीतर तेच धुराड्याचे काम करतात. जिन्यांची दारे आपोआप मिटणारी हवीत, आणि ती दोरीने बांधून उघडी ठेवलेली नसावीत. वरच्या खिडक्या उघडता आल्या पाहिजेत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यावे लागते. ते मागून पाहण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

ऑक्सिजनचाही विचार येथेच येतो. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीतून गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. टाकीसाठी उघडी जागा, टँकर येण्याची वाट, प्रत्येक मजल्यावर पुरवठा बंद करता येईल अशी झडप आणि लगेच जोडता येतील असे सिलिंडर या सर्व गोष्टी लहान भूखंडावर जागा मागतात. त्या उरलेल्या कोपऱ्यात ढकलून चालत नाही.

पाणी आणि जमीन

२६ जुलै २००५चा पाऊस आपल्यापैकी अनेकांनी घराच्या माळ्यावर बसून काढला आहे. उल्हास आणि वालधुनी या नद्यांनी त्या रात्री आपली शहरे वेढली होती. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा भागात रुग्णालयाचा जनरेटर, विजेची मुख्य पेटी आणि ऑक्सिजनची यंत्रणा तळघरात ठेवणे म्हणजे आपत्तीची वाट पाहणे होय. न्यूयॉर्कसारख्या धनाढ्य शहरातही हे घडले आहे. ऑक्टोबर २०१२च्या वादळात तेथील एका नामवंत रुग्णालयाच्या तळघरात पाणी शिरले, वीज गेली आणि सुमारे ३०० रुग्णांना, त्यांत नवजात बालकांनाही, अंधाऱ्या जिन्यांवरून हातांत उचलून खाली आणावे लागले. तळघर वाहनांपुरते असावे. जीव वाचवणारी यंत्रे पुराच्या रेषेच्या वर असावीत.

भूकंपाचे म्हणाल, तर ठाणे जिल्हा तिसऱ्या श्रेणीत येतो. २००१ साली भूजचे जिल्हा रुग्णालय कोसळले. नेमकी गरज असताना रुग्णालयच राहिले नाही. पुढे तेथे भूकंपाचा धक्का शोषून घेणाऱ्या आधारांवर नवे रुग्णालय बांधण्यात आले. भारतीय मानकानुसार रुग्णालयाची इमारत सामान्य इमारतीच्या दीडपट भूकंपबलासाठी सक्षम धरून आखावी लागते. म्हणून जुन्या इमारतीवर 'आणखी दोन मजले चढवून' रुग्णालय करण्याचा मोह टाळला पाहिजे. मे २०२१मध्ये उल्हासनगरात पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे मेली, हे आपण पाहिले आहे. अशा शहरात जुन्या खांबांवर विश्वास ठेवण्यापूर्वी संरचना तपासणी करून घ्यावी, आणि तिचा निष्कर्ष प्रतिकूल असेल तर तो मान्य करावा.

चालू रुग्णालय बांधताना

जुने रुग्णालय पाडून तेथेच नवे उभारायचे, तर मधल्या काळात रुग्ण कोठे जाणार? ठाण्याच्या जिल्हा शासकीय रुग्णालयाची जुनी इमारत पाडून तेथे ९०० खाटांच्या नव्या रुग्णालयाचे काम हाती घेण्यात आले. या काळात तिथला कारभार तात्पुरता दुसऱ्या जागी हलवावा लागला आणि कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयावरचा भार वाढला. ऑगस्ट २०२३मध्ये कळव्यात एका दिवसात १८ रुग्णांचा मृत्यू झाला, तेव्हा या वाढलेल्या भाराचीही चर्चा झाली. मृत्यूंची कारणे प्रत्येकाची वेगळी असू शकतात. परंतु नव्या इमारतीच्या आराखड्यात बांधकामाच्या वर्षांची व्यवस्था हाही एक भाग असला पाहिजे, एवढे त्यावरून निश्चित दिसते. लहान भूखंडावर तर हे अधिकच कठीण. अर्धी इमारत आधी, अर्धी नंतर, असे टप्पे पाडणे, आणि त्या काळात धूळ व जंतुसंसर्ग रोखणे, यांचा खर्च प्रथमच धरावा लागतो.

आपण काय विचारावे?

आपल्यापैकी कोणी विश्वस्त असतील, कोणी नगरसेवक, कोणी परिचारिका, तर बहुतेकजण रुग्णांचे नातेवाईक. नव्या रुग्णालयाची घोषणा होते तेव्हा आपण खाटा किती, एवढेच विचारतो. यापुढे आणखी काही प्रश्न विचारूया.

१. खाट मावेल अशा लिफ्ट किती? वीज गेल्यावर त्या चालतात काय?

२. अतिदक्षता विभागाला आग लागली तर त्याच मजल्यावर रुग्णांना कोठे हलवणार?

३. जनरेटर, विजेची पेटी आणि ऑक्सिजन पुराच्या पाण्यापासून किती उंचीवर आहेत?

४. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाची गाडी आत येऊन वळते काय, की त्या जागेत वाहने उभी आहेत?

५. प्रत्येक मजल्यावर रात्री किती परिचारिका असतील?

६. इमारत मुळात रुग्णालयासाठीच बांधली आहे काय?

या प्रश्नांची उत्तरे द्यायला उत्तम वास्तुविशारदाला काहीच अडचण येणार नाही. उलट, कोणी विचारले याचा त्याला आनंदच होईल. ११ फेब्रुवारी हा जागतिक रुग्णदिन आपण धर्मग्रामांत प्रार्थनेने पाळतो, आजाऱ्यांना आशीर्वाद देतो. त्या दिवशी आपल्या परिसरातील एखाद्या रुग्णालयाच्या मागच्या जिन्यावरून एकदा चढून पाहावे, अशी आमची नम्र सूचना आहे. दारे उघडतात की कुलूपबंद आहेत, जिन्यावर जुन्या खाटा आणि खोकी ठेवली आहेत की वाट मोकळी आहे, हे पाहायला अभियंत्याची गरज नाही. आढळलेली त्रुटी रुग्णालयाच्या प्रमुखांना सौम्य शब्दांत, पण लेखी कळवावी.

आमचे ते वृद्ध गृहस्थ मोठ्या रुग्णालयात आणखी तीन आठवडे जगले. त्यांच्या मुलाला आजही वडिलांच्या आजारापेक्षा ती पंधरा मिनिटे अधिक आठवतात. खुर्चीचा एक पाय जिन्याच्या कठड्यात अडकला होता आणि वडील घाबरून त्याचा हात घट्ट धरून होते, असे तो सांगतो. रुग्णालय कितीही उंच होवो, त्याच्या शेवटच्या मजल्यावरचा रुग्णही आडवा, निजलेल्या स्थितीत, सुखरूप जमिनीवर आला पाहिजे. नकाशावर सही करण्यापूर्वी एवढी एक गोष्ट प्रत्येकाने तपासावी.